शिल्लक शून्य

तुलायचा निरोप आला तेव्हा झुल्फियेच्या हातात कात्री होती आणि मांडीवर टॉवेलच्या कापडाचा पांढरा झगा. दहाच्या चहाला अजून पाच मिनिटं होती. एप्रनच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला आणि मग थांबेचना. इतके निरोप एकदम कधी येतात? कुणी गेलं की, नाहीतर बर्फामुळे शाळेला सुट्टी पडली की. बाहेर तर लख्ख ऊन होतं. मुकादम हमदी उस्ता पलीकडच्या रांगेत कुणाला तरी झापत होता. तिने फोन झग्याखाली धरून उघडला.

चौथी 'ब'च्या आयांच्या ग्रुपवर तुलायने लिहिलं होतं, "मैत्रिणींनो, सांगायला वाईट वाटतं, पण पेरिहानबाई शनिवारी आपण भेट दिलेल्या दुकानाच्या कार्डावर कोट घ्यायला गेल्या होत्या. कार्डावर एक लिरासुद्धा नाही. सगळ्यांसमोर कोट परत ठेवावा लागला त्यांना. आपण साडेसहा हजार जमवले होते ना?"

त्याखाली रांग लागली होती. 'अय्यो!' 'बिचाऱ्या बाई.' 'म्हणजे कार्ड भरलंच नव्हतं?' आणि सेवदाचं शेवटचं, 'कार्ड आणलं कुणी होतं?'

कुणी आणलं होतं हे सेवदाला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेच्या फाटकापाशी उभं राहून तिने स्वतःच्या हाताने अडीचशे लिरा झुल्फियेच्या हातात दिले होते, वर "सुट्टे नाहीत, दोनशे चालतील का?" असंही विचारून बघितलं होतं.

झुल्फियेच्या कानशिलांत गरम वाफ शिरल्यासारखं झालं. तिने लिहायला घेतलं, 'मी भरले होते', मग खोडलं. 'दुकानात विचारते', तेही खोडलं. शेवटी काहीच न लिहिता फोन खिशात टाकला आणि झग्याच्या शिवणीतून लोंबणारा धागा कापला. धाग्याबरोबर कापडही कापलं गेलं. वीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

वीस वर्षं ती देनिझलीच्या त्या कारखान्यात झग्यांचे धागे कापत होती. परदेशातल्या हॉटेलांत अंघोळीनंतर घालतात ते झगे. शिलाईवाल्या शिवून टाकत आणि झुल्फिये प्रत्येक शिवण बोटांनी चाचपून सुटलेला धागा काढत असे. नवरा याकूप ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. एकच मुलगी, नेव्रा. नेव्रा पहिलीत गेली त्या वर्षी पहिल्याच सभेत पेरिहानबाईंनी विचारलं होतं, "वर्गाची आई कोण होणार?" वर्गाची आई म्हणजे वर्गणी जमवायची, पडदे धुवायचे, सहलीला पोरांची डोकी मोजायची. बावीस बायका आपापल्या पर्सकडे बघत बसल्या. झुल्फिये मागच्या बाकावरून म्हणाली, "मी केलं तर चालेल?" बाई हसल्या होत्या. "चालेल कशाला, पळेल."

तेव्हापासून चार वर्षं पळत होतं. पडदे, कुंड्या, फळ्यावरचं घड्याळ. एका कुरुशचा घोळ नाही. यंदाच्या शिक्षकदिनाला तिनेच सुचवलं होतं की बाईंना फुलदाणी नको, घरात सतरा झाल्या असतील. दुकानाचं कार्ड देऊ, त्यांच्या मनाचा कोट घेतील. हे पोरांचं शेवटचं वर्ष. पाचवीला शाळा बदलते, बाई सुटतात.

आणि आता पावती?  पावती एप्रनच्या खिशात ठेवली होती. एप्रन शनिवारी धुण्याच्या मशीनमधून निघाला तेव्हा खिशात कागदाचा एक ओला लगदा होता. बाजाराची यादी असेल म्हणून तिने तो कचऱ्यात टाकला होता.

"हमदी उस्ता, मला घरी जायला हवं."

"कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग?" हमदी उस्ताने चष्मा कपाळावर ढकलला. "ट्रक परवा निघायचाय, चारशे झगे पडलेत, आणि बाईसाहेबांना घरी जायचंय. अर्धा दिवस कापीन हां."

"कापा."

तिने एवढ्या चटकन 'कापा' म्हटलं की त्याने चष्मा पुन्हा नाकावर ओढून तिच्याकडे नीट बघितलं. "जा बाई," तो म्हणाला, "तोंड बघ कसं झालंय. आधी पाणी पी."

कार्ड तुलायकडे होतं. बाईंनी सकाळी शाळेत शिरताना तुलायला सहज विचारलं होतं, हे चालू करायला आणखी काही करावं लागतं का म्हणून, आणि कार्ड तिच्याकडेच दिलं होतं. तुलायचं चष्म्याचं दुकान शाळेच्या समोरच. दुकानात शिरल्याबरोबर झुल्फियेला चारी भिंतींच्या आरशांत स्वतःच दिसली. डोक्यावरच्या रुमालावर कापसाची भुरभुर, बाहीला धागे. तिने घाईघाईने बाही झटकली.

"या, झुल्फिये हानिम," तुलाय म्हणाली.

गेल्या शुक्रवारपर्यंत ती 'झुल्फियेताई' होती. आज परक्या बाईसारखी हानिम झाली.

"कार्ड द्या मला. दुकानात जाऊन बघते."

"बघा ना. आम्ही काही म्हणत नाही हं, गैरसमज नको." तुलायने गल्ल्यातून पाकीट काढलं पण हातातच ठेवलं. "पावती असेल ना? तिचाच फोटो टाकला ग्रुपवर तर विषयच मिटला."

"पावती हरवली."

"अस्सं."

त्या 'अस्सं'ने दुकानातले सगळे चष्मे आपल्याकडे वळून बघतायत असं झुल्फियेला वाटलं.

"मशीनमध्ये गेली कपड्यांबरोबर," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की ही थाप कुणीही मारेल.

"होतं असं. अडचण कुणाला येत नाही? याकूपभाऊंच्या ट्रकचे हप्ते चालू आहेत, ऐकलं मी. वेळेला माणूस हात घालतं, मग विसरतं. गुपचूप भरून टाकलं तरी कुणी विचारणार नाही. साडेतीनला सभा आहे, तेवढ्यात झालं तर बरं, एवढंच."

झुल्फियेने पाकीट तिच्या हातातून ओढूनच घेतलं. काहीतरी सणसणीत बोलावं असं फार वाटलं. पण तोंड उघडलं तर रडू बाहेर पडेल अशी भीती होती, म्हणून ती नुसतीच वळली.

बसथांब्यावर तिने कार्डाच्या मागची चौकट बघितली. खरवडलेली होती, आकडे दिसत होते. दुकानाच्या नंबरावर फोन लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, शिल्लक जाणण्यासाठी दोन दाबा. तिने दोन दाबलं. सोळा आकडे दाबा. अकराव्या आकड्याला बोट घसरलं, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा जमलं. "आपल्या कार्डावरील शिल्लक," यंत्रातली बाई तशाच गोड आवाजात म्हणाली, "शून्य लिरा, शून्य कुरुश."

तिने पुन्हा लावला. जणू मघाशी यंत्राने नीट बघितलं नसेल. शून्य लिरा, शून्य कुरुश.

मिनीबसमध्ये ती कार्ड घेतलं त्या शुक्रवारची एकेक गोष्ट आठवत राहिली. गल्ल्यावरच्या मुलीला तिने नोटा दिल्या. मुलीने दोनदा मोजल्या. कार्ड यंत्रावरून फिरवलं. फिरवलं का? की फिरवायचं राहिलं? मुलगी बोलत होती शेजारणीशी. आपण नोटा दिल्या, कार्ड घेतलं, रिबिनीचं पाकीट मागून घेतलं. पाकिटाच्या नादात आपण बघितलंच नाही. नसेल फिरवलं तर नोटा कुठे गेल्या? आता दुकान म्हणेल, पावती आणा. साडेसहा हजार म्हणजे तिच्या महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भरता येतील, उसने घेऊन का होईना. पण भरले की झालंच, चोरी कबूल केल्यासारखंच झालं.

चौकातल्या त्या चार मजली दुकानात ग्राहकसेवेचा काउंटर तळघरात होता. तिथे पंचावन्नेक वर्षांची एक बाई बसली होती. चष्म्याला साखळी, छातीवर नावाची पट्टी, साइमे.

"बोला."

"ह्या कार्डावर किती आहेत ते बघायचंय. आणि कधी भरलं होतं का, तेही."

"पावती?"

"धुवून टाकली."

"काय केलीत?"

"खिशात होती. मशीनमध्ये गेली."

साइमेने चष्म्यावरून बघितलं आणि फसकन हसली. "माझ्या नवऱ्याने पासपोर्ट धुतलाय. आणा इकडे."

दिवसभरात पहिल्यांदा कुणी तरी तिचं खरं मानलं होतं. झुल्फियेने काउंटरची कड घट्ट धरली. साइमेने आकडे टिपले आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "शिल्लक शून्य."

"ते माहितीये."

"अहो, पांढऱ्या काय पडताय? शून्य म्हणजे भरलंच नव्हतं असं नसतं. पेला रिकामा दिसला म्हणजे चहा ओतलाच नाही असं थोडंच आहे? कुणी तरी प्यायलं असेल. थांबा." ती कळा दाबत राहिली. यंत्राने करकर करत एक लांब कागद बाहेर काढला. "हे बघा. बावीस नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी सहा दहा. साडेसहा हजार भरले, रोख."

"म्हणजे मी भरले होते."

"भरले होते."

"परत सांगा."

"भरले होते, बाई, भरले होते. छापून आलंय."

 झुल्फिये मागच्या बाकावर बसलीच. हसू येत होतं आणि नाकातून पाणी वाहत होतं. आता टाकते फोटो. बघू दे तुलायला, बघू दे सेवदाला. तिने फोन काढला, कागद मांडीवर सरळ केला आणि खालची ओळ वाचली.

सत्तावीस नोव्हेंबर, बुधवार, दुपारी बारा चाळीस. कोट, लोकरी, स्त्रियांचा, उंटाच्या रंगाचा, नंबर छत्तीस. सात हजार दोनशे चाळीस. कार्डातून साडेसहा हजार, बाकी रोख.

बुधवारी बारा चाळीसला बाई वर्गात असतात. नेव्राचा तो गणिताचा तास. आणि छत्तीस? झुल्फियेने आयुष्यभर मापं हाताळली होती. समोरून येणाऱ्या बाईला कुठला झगा बसेल हे तिला बाई जवळ यायच्या आत कळायचं. पेरिहानबाई चांगल्या भरलेल्या अंगाच्या. त्यांना शेहेचाळीस लागेल, थंडीत आत स्वेटर असेल तर अठ्ठेचाळीस. छत्तीसमध्ये त्यांचा एक दंड जाईल.

"हा कोट कुणी घेतला, आठवतं तुम्हाला?" तिने उठून विचारलं.

"रोज दोनशे लोक येतात. पण..." साइमेने कागद डोळ्यांजवळ नेला. "हां, हे ते साहेब. वरून माझ्याकडे पाठवले होते त्यांना. छान बांधून द्या म्हणाले, बायकोचा वाढदिवस आहे. आणि म्हणे, हेच कार्ड परत भरता येतं का? म्हटलं, येतं की, कितीदाही. म्हणाले, मग पगार झाला की भरतो. मिश्या पिकलेल्या, पण नीट कातरलेल्या. जाकिटावर कुठल्याशा मोटार ड्रायव्हिंग शाळेचं नाव." तिने कागद परत दिला. "नशीबवान बायको. माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत मोजे आणले नाहीत."

त्या मोटार शाळेत नेजदेत बे गाडी शिकवायचे. पेरिहानबाईंचे यजमान. शाळेच्या जत्रेत दर वर्षी तेच जाळावर सॉसेज भाजायचे आणि पोरांना फुकट द्यायचे. आणि बाईंचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. त्याचा केक दर वर्षी झुल्फियेच करते.

ती दुकानाबाहेर आली आणि कारंज्याच्या कट्ट्यावर बसली. कागद मुठीत. ग्रुपवर आणखी अठरा निरोप आले होते. कुणी लिहिलं होतं, 'कुणावर आरोप नाही, पण हिशोब हवा.' सेवदाने लिहिलं होतं, 'पावती नेमकी हीच हरवावी, काय योग!' याकूपचा फोन आला. तो मेर्सिनच्या बंदराबाहेर रांगेत होता. तिने सगळं सांगितलं.

"मग बसलीस काय? फोटो काढ, टाक."

"आणि बाई?"

"बाई काय? बाईंच्या नवऱ्याने शेण खाल्लं, तू का तोंड पुसतेस?"

"पंचवीस घरं वाचतील ते, याकूप. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत होईल. छत्तीस नंबर म्हणून हसतील त्यांना."

"वरचा भाग टाक नुसता. भरल्याचा."

"मग विचारतील, खर्च कुणी केला. म्हणतील, बाईंनी घेतलं आणि वर बोंब मारली."

पलीकडून हॉर्न वाजले. रांग पुढे सरकली असावी. "झुल्फिये," याकूप म्हणाला, "मला बाईंचं काही माहीत नाही. मला एवढं माहितीये की रात्री अंथरुणात तू रडणार आणि मी सातशे किलोमीटरवर असणार. तुला पटेल ते कर. पण आज कर."

शाळेच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलं सुटली होती. नेव्रा भिंतीला टेकून एकटीच उभी होती. रोज तिच्याभोवती चार मुली असत.

"आई," ती म्हणाली, "तू बाईंचे पैसे घेतलेस?"

"कोण म्हणालं?"

"वर्गातला आयबेर्क. त्याची आई फोनवर बोलत होती. मी त्याला ढकललं. त्याचं कोपर सोललं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "घेतलेस का पण?"

झुल्फियेचा हात फोनकडे गेला. एक फोटो. एक बोट. मुलीच्या डोळ्यांतलं ते 'पण' निघून गेलं असतं. तिने खाली बसून नेव्राचे खांदे धरले. "नाही. एक कुरुशही नाही. माझ्याकडे बघ. नाही."

"मग सांग ना सगळ्यांना."

"आधी बाईंना सांगते. त्यांचा पहिला हक्क."

वर्गात पेरिहानबाई एकट्याच होत्या, वह्या तपासत. सभेला वीस मिनिटं होती. झुल्फियेला बघून त्या उठल्या. "अहो झुल्फियेताई, या. मी तुलायला नुसतं विचारलं हो, आणि तिने ढोल पिटला. मला दुपारी कळलं. कानकोंडी झालेय मी तेव्हापासून. काय असेल ते असो, मला कार्ड नको, कोट नको. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"बाई, कार्ड भरलेलं होतं."

"असणारच. यंत्राचा काही तरी घोटाळा."

इथेच थांबता आलं असतं. बाईंनी स्वतः वाट करून दिली होती. यंत्राचा घोटाळा म्हणायचं, दुकानावर ढकलायचं. पण काउंटरवरची साइमे आठवली, पेल्याची गोष्ट सांगणारी. आणि बाईंचे यजमान पगार झाल्यावर कार्ड भरतील, आणि बाई तेच कार्ड घेऊन पुन्हा रांगेत उभ्या राहतील, आणि हसत कोट घेऊन येतील, आणि झुल्फिये रोज त्यांना त्या कोटात बघेल.

"बाई, बसा," ती म्हणाली. "कागद आहे माझ्याकडे. तुम्ही म्हणालात तर दाखवते. नाही म्हणालात तर इथेच फाडते. मी कुणालाही दाखवलेला नाही."

याकूपला फोनवर सांगितलं होतं, ते तिला नंतर आठवलं.

 पेरिहानबाईंनी हात पुढे केला.

त्यांच्या उजव्या हातात अजून लाल पेन होतं. सवयीने पेनाचं टोक एकेका ओळीवरून सरकत गेलं. भरल्याच्या तारखेवरून पुढे गेलं. बुधवारवर थांबलं. बारा चाळीसवर थांबलं. मग खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं, इतका वेळ की कागदावर शाईचा एक थेंब पसरला.

"उंटाच्या रंगाचा," बाई म्हणाल्या.

झुल्फियेने टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"तो रंग मला आवडतो. त्याला माहितीये." त्यांनी पेनाचं टोपण शोधलं, बसवलं. "निदान रंग तरी दुसरा घ्यायचा."

बाहेर व्हरांड्यात बायकांचे आवाज यायला लागले. टाचांचा खटखटाट, तुलायचं हसणं.

"कुठल्या तरी भाचीला घेतला असेल," झुल्फिये म्हणाली. "भेट द्यायची असेल कुठे. घाईत."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, झुल्फियेताई. चार वर्षं बघतेय. म्हणून तर पैसे तुमच्याकडे." बाईंनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि हजेरीच्या वहीत ठेवली. मग टेबलावरचा काचेचा पेला उचलून उरलेलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं.

"आपण यंत्राचं सांगू," झुल्फिये घाईघाईने कुजबुजली. "माझं काही नाही बाई, दोन दिवस बोलतील आणि विसरतील."

"विसरत नाहीत." बाईंनी दारापाशी उभ्या असलेल्या नेव्राकडे बघितलं. "ही तर नाहीच विसरणार."

साडेतीनला चौदा बायका आणि दोन बाप पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. झुल्फिये मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बसायला शेजारी कुणी सरकलं नाही. सेवदाने पर्स काढून रिकाम्या जागेवर ठेवली.

पेरिहानबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "अपूर्णांकांच्या आधी एक सांगायचंय. तुम्ही दिलेलं कार्ड पूर्ण भरलेलं होतं. दुकानाचा कागद मी वाचलाय. ते माझ्याच घरात खर्च झालं आणि मला ठाऊक नव्हतं. चौकशी न करता मी बोलले, ही माझी चूक. झुल्फियेताईंचं नाव त्यात आलं, त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते."

 तुलायने टाळी वाजवली.

"अगंबाई! म्हणजे नेजदेत बेंनी परस्पर घेऊन ठेवला असेल! आणि आम्ही उगाच इथे..." ती सगळ्यांकडे वळली. "काय गं, वर्षाअखेरची भेट असणार! बाई, तुम्ही तर फजिती केलीत त्यांची!"

हशा पिकला. सुटल्याचा हशा होता तो. कुणालाच आता झुल्फियेकडे बघायला नको होतं आणि हसण्यात ते जमून गेलं. एक बाप म्हणाला, "शिका रे, असा नवरा पाहिजे." सेवदा म्हणाली, "मग कोटात कधी दिसताय, बाई?"

पेरिहानबाईही हसल्या. सगळ्यांच्या बरोबरीने, तितकंच. "बघू," त्या म्हणाल्या. "चला, अपूर्णांक. पोरं छेद सारखा करायला विसरतायत."

आणि त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर तीन छेद चार लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल, सरळ. झुल्फियेने ते अक्षर बघितलं आणि तिला स्वतःच्या सुटकेचीच लाज वाटली. दिवसभर ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते मिळालं होतं आणि ते हातात धरवत नव्हतं.

सभा सुटली. जाताना तुलायने तिच्या बाहीवरचा धागा काढला. "झुल्फियेताई, मनात ठेवू नका हं. काळजीपोटी बोलतो माणूस."

"तुलाय हानिम," झुल्फिये म्हणाली, "तो धागा राहू द्या. माझ्या कामाचा आहे."

 तुलाय धागा बोटात धरून उभीच राहिली.

झुल्फियेने नेहमीप्रमाणे बाकं सरळ केली, फळा पुसला. नेव्रा खिडक्या लावत होती. पेरिहानबाईंनी बॅग उचलली आणि दाराशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या थांब्यावर जाता?"

"घाटावरच्या."

"चला, मीही येते."

बाईंचं घर उलट्या दिशेला, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होतं. झुल्फियेने ते म्हटलं नाही. पटांगणात बायकांचे घोळके अजून रेंगाळत होते. पेरिहानबाईंनी चालता चालता तिच्या दंडात हात अडकवला आणि त्या तिघी मधूनच फाटकाकडे गेल्या. सेवदाने वाट दिली. आयबेर्क आईमागे उभा होता, कोपराला पट्टी. नेव्रा त्याच्यासमोर थांबली, म्हणाली, "सॉरी. पण नाही घेतले," आणि पळत येऊन आईच्या दुसऱ्या हाताला लागली.

थांब्यावर गार वारा होता. उजेड उतरत चालला होता आणि दिवे अजून लागायचे होते. कोपऱ्यावर एकजण चेस्टनट भाजत होता. नेव्राने पुडी घेतली आणि सोलून सोलून एक बाईंना, एक आईला, एक स्वतःला असं वाटू लागली. पेरिहानबाई घेत होत्या, खात होत्या.

पहिली बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने तिघींकडे बघितलं. झुल्फिये अर्धवट उठली, बाईंकडे बघितलं आणि खाली बसली. दार मिटलं.

"तुमची बस ना ती?" बाई म्हणाल्या.

"दुसरी येते अजून."

बाईंचा फोन बॅगेत वाजला. त्यांनी काढून नाव बघितलं, पुन्हा आत ठेवला. तो बराच वेळ वाजत राहिला आणि मग बंद झाला. दुसरी बस आली आणि गेली. नेव्राने सोललेली सालं पुडीत भरली आणि आता काय करायचं म्हणून आईकडे बघितलं. झुल्फियेने डोळ्यांनीच तिला गप्प बसायला सांगितलं. मग तिने दोघींच्या मध्ये बाकावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी पलीकडे सरकली, बाईंना नीट बसता यावं म्हणून.